ताऱ्याच्या लोखंडाचा डावा विळा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातीकडे ताऱ्याच्या लोखंडाचा एक गोळा होता. खरा नव्हे, लॅपटॉपातल्या खेळातला. पण ती त्याच्याबद्दल ज्या आवाजात बोलायची, त्या आवाजात आमच्या घरात सोन्याबद्दलही कोणी बोललेलं मी ऐकलं नाही.

नात एकोणीस वर्षांची. अमरावतीला कॉलेजात शिकते, हॉस्टेलवर राहते. सुट्टीला आली की दोन दिवस झोपते, तिसऱ्या दिवशी आईच्या हातचं पोटभर खाते आणि चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडून बसते. आमचं घर कामरगावच्या अलीकडे, मळ्यातच. वांगी, पालक, मेथी, सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. माल कारंजाच्या बाजारात जातो. दुपारी लाइन, म्हणजे वीज, असेल तोवर नातीचा खेळ, लाइन गेली आणि लॅपटॉपातला जीवही संपला की मग आजीशी गप्पा. माझा नंबर नेहमी असाच लागतो, त्याचं मला काही वाटत नाही.

पहिल्या दिवशी मी जुड्या बांधायला तिच्या शेजारी जाऊन बसले.

"काय करून राह्यली व?"

"हत्यार बनवून राह्यली, आजी."

"कोनाले माराले?"

"ड्रॅगनले."

"त्यानं काय केलं तुह्यं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. सहा महिने ती हा खेळ खेळत होती, आणि हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. "असं नसते इचारत, आजी," ती म्हणाली. "थो शेवटी हाय, म्हून त्याले मारा लागते."

खेळ असा. एक राज्य आहे, त्यात जंगल, डोंगर, गुहा, आणि शेवटच्या गुहेत तो ड्रॅगन. चौघाचौघांच्या टोळ्या करून त्याच्यावर जायचं. चांगलं शस्त्र तिथं आयतं मिळत नाही. ज्याचं त्यानं घडवायचं. त्यासाठी एक लोहारशाळा आहे. भाता, ऐरण, पाण्याची कुंडी, सगळं बरोबर. लोहार मात्र मला पटला नाही. आमच्या गावच्या लोहाराच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग होते. ह्याचे दंड भोपळ्याएवढे, पण डाग एकही नाही.

"हा कामाचा मानूस नोय," मी म्हटलं.

"आजी, त्याले काईच करा लागत नाई. सारं मलेच करा लागते."

ते खरं होतं. धातू कोणता, पातं सरळ की वाकडं, किती लांब, किती जड, मूठ कोणत्या लाकडाची, जाड की बारीक, धारेला पाणी द्यायचं की तेल, मुठीच्या तोंडाशी काय बसवायचं, हे सगळं ती पट्ट्या सरकवून ठरवत होती. एक पट्टी सरकवली की खाली ताकद वाढे आणि चपळाई कमी होई. साध्या लोखंडाचं कितीही वेळा घडवा आणि मोडा. पण ताऱ्याचं लोखंड एकदाच. घणाचे तीन ठोके पडले की झालं ते झालं. आणि त्या लोखंडाशिवाय ड्रॅगनला ओरखडासुद्धा उठत नाही. तिनं तो एक गोळा दोन महिने डोंगर खणून मिळवला होता. दुसरा मिळायला आणखी दोन महिने, आणि टोळी ड्रॅगनवर जाणार होती येत्या रविवारी.

टोळीचा म्होरक्या अकोल्याचा एक मुलगा. त्यानं नातीला सांगून ठेवलं होतं की तू घण बनव, दोन्ही हातांचा, मोठा. टोळीत जड हत्यार कोणाकडे नाही. घण नाही आणला तर त्याचा एक मावसभाऊ तयार बसला होता. म्हणजे रविवारी नात टोळीत राहणार की बाहेर बसणार, ते सगळं त्या गोळ्यावर होतं.

ती साध्या लोखंडाचा घण करून सराव करत होती. मी बघत होते. ती घण उचलेपर्यंत लांडगा येऊन, चावून, मागं जाऊन बसलेला असे.

"तुले हा झेपत नाई," मी म्हटलं.

"सवय होईन."

"तुले काय आवडते?"

"लहान पातं. पटपट चालनारं." मग म्हणाली, "वाकडं."

"मंग इळा कर ना."

"टीमले घण पाह्यजे, आजी."

तेवढ्यात माझं लक्ष दुसरीकडे गेलं. नात डावरी आहे, माझ्यासारखी. जेवते उजव्या हातानं, कारण तिच्या आईनं लहानपणी तसं वळण लावलं. पण लिहिते, चिरते, फेकते सगळं डाव्यानं. खेळातलं तिचं बाहुलं मात्र उजव्या हातात हत्यार धरून उभं होतं.

"हिचा डावा हात मोडला काय?"

"नाई. सेटिंग असते. डावं करता येते."

"मंग काहून नाई केलं?"

"सारे उजवे हायेत. मंग सगळ्याईचे वार एकाच बाजूनं पडतात. म्होरं-मागं उभं राहाले बरं पडते." आणि हळूच, "आनि कोनी इचारत नाई मंग, काहून म्हून."

हे शेवटचं वाक्य मी ओळखलं. ह्या वाक्यावर मी अकरा वर्षं काढली आहेत.

मी लग्न होऊन इथं आले तेव्हा अठरा वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. तेव्हाच्या त्या बयेइतकी येडी बाई मी पुढे पाहिली नाही, आणि मी पुष्कळ पाहिल्या आहेत. डावरी सून म्हणजे घरात कुजबुज. वाढणं डाव्यानं, आरती डाव्यानं, कोणाला चालणार? माहेरून निघताना मला बजावलं होतं की हात सांभाळ. मी सांभाळला. पंगतीत उजव्या हातानं वाढलं, चुलत सासऱ्याच्या धोतरावर वरण सांडलं, पण डावा हात पदरातून बाहेर काढला नाही.

शेतात मात्र पंचाईत. दातेरी विळ्याचे दाते एकाच अंगाला पाडलेले असतात. उजव्या हाताचा विळा डाव्या हातात धरला की तो कापत नाही, ओढतो. ज्वारीचं ताट मुळासकट हातात येतं. आणि उजव्या हातात धरला की माझ्याच बोटांवर येतो. पहिल्या ज्वारीच्या सोंगणीत माझ्या हाताला तीन चिंध्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "माहेरी काय नुसती बसून खात होती व?" मी खाली मान घातली. खाली मान घालण्यात मी तरबेज होते, त्याचा मला गर्वही होता.

मग एकदा विळ्यांना दाते पाडून आणायला सासूबाईंनी मला लोहाराकडे पाठवलं. मी म्हटलं, हीच वेळ.

"मामा, एक डावा इळा करून द्या."

लोहारमामानं भाता थांबवला. "कोनासाठी?"

इथं एका शब्दाचं काम होतं. माझ्यासाठी. तो बिचारा काही म्हणाला नसता, त्याला लोखंडाशी मतलब. पण मी ऐरणीकडे बघून म्हटलं, "घरी पाह्यजे."

"घरी कोन डावरं हाय? बुढी त उजवी हाय."

"हे."

"हे म्हंजे? मालक? अवो सूनबाई, थे चड्डीत होते तवापासून मी त्याईले पाहून राह्यलो."

"आतून हायेत," मी म्हटलं.

आतून! नवरा आतून डावरा आहे, असं मी भर लोहारशाळेत सांगितलं. तिथं आणखी तिघंजण फाळ घेऊन बसले होते. लोहारमामा विचार करत राहिला, मग म्हणाला, "असू शकते. त्याईच्या मुठीचं माप मले मालूम हाय, कुऱ्हाड म्याच बसवून देल्ली." आणि त्यानं भाता पुन्हा सुरू केला. माप! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विळा पात्यावर नाही, मुठीवर चालतो. मूठ आवळली की अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या नखावर टेकलं पाहिजे, तरच तो हाताचा झाला. माझा हात केवढा आणि ह्यांचा केवढा! पण आता बोलणार कशी?

आठेक दिवसांनी हे फाळ घेऊन लोहाराकडे गेले. लोहारमामानं विळा त्यांच्याच हातात दिला. "घ्या, तुमचा डावा. आदी काहून नाई सांगतलं? येवढे वर्सं उजव्यानं तरास काढला."

हे मला नंतर कळलं, ते लोहारीणबाईकडून. ह्यांनी घरी येऊन विळा माझ्यापुढे ठेवला. मी चुलीशी होते.

"हा माहा इळा हाय म्हनते," हे म्हणाले. "तू वापर."

बस. विचारलं नाही, रागावले नाहीत, हसलेही नाहीत. आणि मी काय बोलावं? मी विळा उचलला, मूठ आवळली, अंगठा बोटापर्यंत पोचेना. मी म्हटलं, "मूठ जाड झाली."

असे मानले मी आभार.

पुढच्या सोंगणीला माणसं ह्यांना डाव्या हातानं कापताना बघायला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभी राहिली. ह्यांनीही दोन ओळी डाव्यानं कापून दाखवल्या आणि धोतराचा सोगा विळ्यात घेतला. तेव्हापासून गावात ह्यांचं नाव डावरा पडलं. सासूबाईंना कोडं पडलं की आपल्या पोटचा पोरगा डावरा आहे हे आपल्याला इतकी वर्षं समजलं कसं नाही. दसऱ्याला हत्यारं पुजताना त्या तो विळा हळद-कुंकू लावून मुद्दाम ह्यांच्यापुढे ठेवत. मी तोच विळा, कोणी बघत नसताना, जाड मुठीसकट अकरा वर्षं, पातं झिजेपर्यंत वापरला. सुताराकडे नेला असता तर त्यानं मूठ घडीभरात तासून दिली असती. पण सुतार विचारणार, कोणाच्या मापानं तासू? म्हणून नेला नाही. अंगठ्याच्या बुडाशी जिथं कोणाला घट्टा पडत नाही, तिथं मला घट्टा आहे.

हे सगळं मी नातीला सांगितलं, थोडं कमी करून. लाइन गेली होती, तिला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"आबाजीनं कोनालेच नाई सांगतलं?"

"नाई."

"आनि तू?"

"म्या मूठ जाड झाली म्हून सांगतलं ना."

ती खूप हसली. मग हसणं थांबलं आणि बोटानं पलंगपोसाचा धागा ओढत बसली. मी काही सुचवलं नाही. सुचवायचं नाही हे मी म्हातारपणी शिकले आहे, आणि नेहमी पाळते असंही नाही.

गुरुवारी दुपारी लाइन आल्याबरोबर तिनं मला हाक मारली. "आजी, इकडं ये. मूठ पाह्य."

तिनं घण मोडून टाकला होता. पडद्यावर विळ्याचं पातं होतं, वाकडं, वीतभर. हात डावा. आम्ही दोघींनी चित्र मोठं करून करून बाहुल्याची बोटं बघितली. ती पट्टी सरकवायची, मी सांगायची, अजून बारीक, अजून थोडी, आता जरा वाढव. शेवटी बाहुल्याचा अंगठा मधल्या बोटाच्या नखावर टेकला. मला स्वतःचा हात हलका झाल्यासारखं वाटलं, पण ते संधिवाताच्या गोळीनंही असेल.

मग आमचं भांडण झालं. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी बसवा, असं मी म्हटलं. कडी नसली तर पातं मुठीतून निसटतं. पाचवीतल्या पोरालाही हे माहीत असतं. नात म्हणाली की त्या जागेवर थंडीचा खडा बसवायचा आहे, ड्रॅगन आगीचा आहे.

"पातं निसटलं म्हंजे खडा काय करन?"

"आजी, खेळात पातं निसटत नाई."

"मंग कडी ठेवलीच कायले त्याईनं?"

तिनं बसवला खडाच.

मग लोहाराच्या घणाच्या चित्राखाली शेवटचं बटण आलं. खरंच घडवायचं का, असं खेळानं दोनदा विचारलं. तिचं बोट बराच वेळ वर अधांतरी होतं. मी जुडीला सुतळी गुंडाळत होते. बटण तिनंच दाबलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

संध्याकाळी टोळीचा फोन लॅपटॉपवरच आला. म्होरक्याला तिचं नवं हत्यार दिसलं होतं.

"हे काय आहे? विळा? आपलं घण ठरलं होतं ना!"

नात म्हणाली, "अरे, आजीनं चुकून दाबलं."

मी मान वर केली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. आतून डावरे आहेत म्हणताना मीही ऐरणीकडेच बघत होते. मला हसू यायला हवं होतं की राग, ते ठरेना. मग मी लॅपटॉपाकडे वाकले.

"हो बापा, म्याच दाबलं. मले वाटलं टीव्ही हाय."

पलीकडून अगदी नम्रपणे, "अं... नमस्कार, आजी."

"जुग जुग जी. पोरीले मारू नको."

"नाही, नाही, आजी." मग तो नातीला म्हणाला, "आता ते लोखंड काही परत येत नाही. रविवारी ये. गुहेच्या दारात जो रेडा आहे, त्याच्यापुढे टिकलीस तर आत चल. पडलीस तर भाऊ येईल. वाईट वाटून घेऊ नको."

"नाई वाटत," नात म्हणाली. तिला वाटत होतं.

रविवारी चार वाजता टोळी गुहेवर गेली. मी पंख्याखाली तिच्या मागं बसले. रेडा डोक्यापासून शेपटीपर्यंत लोखंडी पत्र्यानं मढवलेला. बाकीचे तिघं मागं थांबले, बघत. तिनं पहिल्या झटक्यात मार खाल्ला आणि अर्धा जीव गेला. मी "अवं माय" म्हणाले, तिनं मला गप्प बसवलं. मग ती खाली वाकून शिरली आणि पायाच्या मागच्या शिरा कापू लागली. तिथं पत्रा नव्हता. कापायची, सरकायची, कापायची. गवत कापताना असंच सरकतात. रेडा बसला तेव्हा पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "अगं, हे कुठं शिकलीस?"

"चल आत," म्होरक्या म्हणाला.

ड्रॅगनची गोष्ट लांबवत नाही. तिघं उजवे, तिघांचे वार एकाच बाजूनं. दोन-चार वेळा मार खाल्ल्यावर ड्रॅगननं त्या बाजूला पंख आडवा धरला आणि त्याच्यामागून आग ओकत राहिला. त्यांचं काही चालेना. एक मेला, मग दुसरी. दुसरी बाजू मोकळी होती, कारण तिकडून आजवर कोणी मारलंच नव्हतं. नात तिकडून गेली आणि पंखाच्या बुडाशी कापू लागली. किती वेळ कापत होती ते मला सांगता येणार नाही. माझी जुडी दोनदा सुटली. पंख खाली आला तसा म्होरक्यानं समोरून तलवार घातली आणि ड्रॅगन कोसळला, तो नेमका नातीच्या अंगावर. ती त्याच्याखाली सापडून मेली. पण म्होरक्या जिवंत होता, आणि एक जिवंत असला की टोळी जिंकली, असा तिथला कायदा.

पलीकडे नुसता आरडाओरडा. मग म्होरक्या म्हणाला, "आजी आहेत का तिथं? आजी, तुमच्या चुकीनं जिंकलो! कमाल आहे तुमची!"

मी पदर सावरून पुढं झाले. चार शब्द बोलायचे मी मनात जुळवलेही होते. नातीनं हात आडवा धरला.

"आजीनं नाई दाबलं."

"म्हणजे?"

"म्या बनवला. म्याच दाबलं. मुद्दाम."

म्होरक्यानं विचारलं, "मग खोटं कशाला बोललीस?"

"तू काढून टाकलं असतं मले."

पोरगा सरळ असावा. "टाकलंच असतं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी डावी बाजू तुझी."

"आनि आजी त थंडीच्या खड्याच्या जागी मुठीले कडी बसव म्हनत होती," नात म्हणाली. "तिचं आयकलं असतं त सारे जळून मेलो असतो."

चौघंही हसले. तिचे कान लाल झाले होते आणि ती पुढं वाकून त्यांना विळ्याची मूठ कशी मापायची ते सांगू लागली, अंगठा कुठं आणि नख कुठं, जणू काही ते तिला उपजत माहीत होतं. माझं नाव त्यात आलं नाही.

मी उठून सांबाराच्या राहिलेल्या जुड्या बांधायला गेले. सोमवारी पहाटे माल जायचा होता. ड्रॅगन मारल्याचं श्रेय माझ्याकडे एकूण दीड मिनिट होतं, आणि बटण चुकून दाबल्याचं श्रेय धरलं तर तीन दिवस.